अरबी भाषेतील भूतकाळ (माजी)
अरबी क्रियापदाच्या दोन प्रमुख रूपांपैकी पूर्ण झालेली क्रिया दर्शविणारे रूप. अरबी वैयाकरण त्यास ‘माजी’ म्हणजे ‘सरलेला’ म्हणतात. फार्सीच्या द्वारे हाच शब्द मराठीत आला आणि ‘माजी अध्यक्ष’ यांसारख्या प्रयोगांत रूढ झाला.

हे रूप त्रिवर्णी धातूस कर्तृवाचक प्रत्यय लागून सिद्ध होते. उदा., ‘कतब’ (त्याने लिहिले), ‘कतबत्’ (तिने लिहिले), ‘कतब्‌तु’ (मी लिहिले). मराठीत ‘पत्र लिहिले’, ‘चिठ्ठी लिहिली’ असे क्रियापद कर्मानुसार बदलते. अरबीत ते कर्त्यास अनुसरते. ‘कान’ या क्रियापदाच्या साहाय्याने ‘लिहिले होते’, ‘लिहीत असे’ हे अर्थ व्यक्त होतात.

बसरा येथील वैयाकरण सीबवैही (मृत्यू सु. 796) याने क्रियापदांची विभागणी काळास धरून केली. विल्यम राइट याने आपल्या अरबी व्याकरणात (1859–62) मात्र क्रियेच्या पूर्णतेवर भर दिला. प्रत्यक्ष वापर पाहता ही दुसरी दृष्टी अधिक उपयुक्त ठरते. संकेतार्थी वाक्यात ‘इन्’ (जर) या अव्ययानंतर माजी रूप भविष्याचा अर्थ देते. मराठीतील ‘पाऊस आला, तर पीक तरेल’ हे वाक्य याच धर्तीचे आहे. कुराणात अंतिम न्यायदिनाचे वर्णन अनेक ठिकाणी भूतकाळी रूपांत येते, ते घटनेची निश्चिती दर्शविण्यासाठी. ‘हा आलोच’ असे म्हणणारा मराठी भाषकही न घडलेली गोष्ट घडल्यासारखीच सांगतो. प्रार्थनेतही हे रूप येते : ‘रहिमहुल्लाह’ याचा शब्दशः अर्थ ‘ईश्वराने त्याच्यावर दया केली’, अभिप्रेत अर्थ ‘ईश्वर त्याच्यावर दया करो’.

कोकणाचा अरबीशी संबंध जुना आहे. अल् मसूदी याने दहाव्या शतकाच्या प्रारंभी चौलला भेट दिली, तेव्हा तेथे मुसलमानांची मोठी वसाहत होती. माहीमचे मखदूम अली माहिमी (1372–1431) यांनी अरबीत कुराणभाष्य लिहिले. पनवेल व रायगड परिसरातील कोकणी मुसलमान शाफिई पंथाचे असून, या पंथाच्या धर्मशास्त्रात विवाहाचा करार प्रस्ताव व स्वीकृती यांनी पूर्ण होतो. त्याच्या अरबी वचनांत वधूचा पालक ‘जव्वज्‌तुक’ (मी तुझा विवाह करून दिला) आणि वर ‘कबिल्‌तु’ (मी स्वीकारला) म्हणतो. दोन्ही रूपे भूतकाळी आहेत. परंतु ती मागील घटनेचे निवेदन करीत नाहीत, तर उच्चारताक्षणीच करार घडवितात. भविष्यकाळी रूप येथे केवळ वचन ठरले असते. खरेदीविक्रीतील ‘बिअ्‌तु’ (मी विकले) या शब्दासही हेच लागू पडते. जुने अरबी दस्तऐवज व लेख वाचताना माजी रूपाचे भाषांतर सरसकट भूतकाळाने केल्यास प्रार्थनेचे वृत्त आणि कराराची आठवण होण्याचा धोका असतो.