आळ पक्ष्यांवर आला तेव्हा

थंडीत पनवेलच्या खाडीवर कुरव पक्षी उतरतात. गेल्या हिवाळ्यात सातवीतल्या एका मुलाने तिथून एक पांढरं पीस वर्गात आणलं. भिंगाखाली धरलं, तर तंतूंच्या मधल्या फटीत बारीक ठिपके ओळीने बसलेले. "सर, गोचीड! आता ताप येणार," मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं. मुलाने पीस टाकून दिलं.

ते गोचीड नव्हते, पिसांवरचे माइट होते. दोघांना आठ पाय, दोघे कोळ्याच्या कुळातले, पण नातं लांबचं. गोचीड रक्त पितो. हा माइट पिसांवरचं तेल, बुरशी आणि जिवाणूंवर जगतो. वाऱ्यात, पाण्यात टिकण्यासाठी त्याचं शरीर चपटं असतं आणि पायांच्या टोकांना चिकटून राहणाऱ्या चकत्या असतात. पाणकावळ्यावरच्या मायकेलिया या प्रजातीत तर नराच्या शरीराच्या दोन बाजू सारख्या नसतात. शास्त्रज्ञांनी वर्गीकरण केलं, तेव्हा हे माइट खरजेच्या किड्याच्या जवळ गेले आणि गोचीड वेगळ्या गटात.

हा फरक एकदा फार मोलाचा ठरला होता. 1957 साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरू लागली. पाठोपाठ माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने विषाणू शोधला. तो रशियातल्या एका विषाणूचा नातलग निघाला. मग प्रश्न आला, सैबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांनी अंगावरच्या गोचिडांसोबत हा रोग आणला का?

त्या वेळी कामाला लागले सलीम अली. मुंबईच्या सुलेमानी बोहरा घरातला हा माणूस. 1930 साली नोकरी नसताना इथून जवळच किहीमला राहून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1959 पासून पक्षी पकडून त्यांच्या पायात कडी घालायला सुरुवात केली. कोण कुठून येतो, अंगावर काय घेऊन येतो, हे बघितलं गेलं. क्यासनूरचा ताप पक्ष्यांनी आणला, असा पुरावा मिळाला नाही. मात्र कुठला पक्षी कुठून येतो, याची मोठी माहिती देशाला मिळाली.

2016 पासून हाच माकडताप आपल्या सिंधुदुर्गातही आहे. तो इथल्याच रानातल्या गोचिडांमुळे होतो. लांबून आलेल्यावर बोट ठेवून आपण मोकळे झालो, तर घरामागच्या रानाकडे लक्ष जात नाही आणि माणसं मरतात.

दुसऱ्या दिवशी ते पीस मी पुन्हा वर्गात नेलं. म्हटलं, आधी पाय मोजा, तोंड बघा, काय खातो ते विचारा. आळ घ्यायचाच असेल, तर त्यानंतर घ्या.