कायद्याच्या शिक्षणाची वाट : वऱ्हाडचा एक जुना प्रश्न

परीक्षांचे निकाल लागले म्हणजे घरोघर एकच खल सुरू होतो : मुलाने अगर मुलीने पुढे काय शिकावे आणि कोठे शिकावे? कायदा शिकू इच्छिणाऱ्यापुढे तर वाटा अनेक असतात. यवतमाळ जवळ आहे, अमरावती-नागपूर हाकेच्या अंतरावर आहे, पुण्या-मुंबईची कीर्ती मोठी आहे, आणि आता राष्ट्रीय विधी विद्यापीठांचेही नाव कानावर येते. हा प्रश्न आजचा वाटतो. परंतु आपल्या वऱ्हाडापुढे तो दीडशे वर्षांपासून उभा आहे. पूर्वीच्यांनी तो कसा सोडविला, हे पाहिल्यास आजच्यांना थोडा उजेड मिळेल, या हेतूने हा विषय निवडला आहे.

कळंब हे आज तालुक्याचे गाव. चिंतामणीच्या दर्शनाला येणाऱ्यांची येथे रीघ असते. पण अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यातील एका 'सरकारा'चे हे मुख्य ठिकाण होते, आणि ऐने-अकबरीत त्याची नोंद आहे. म्हणजे एके काळी कारभार लोकांच्या दारी होता. पुढे राज्ये बदलली, तसा तो दूर सरकला. निजामाने १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हाती सोपविला. त्यानंतर इंग्रजी धर्तीची न्यायालये आली, आणि त्यांच्याबरोबर इंग्रजी कायदा जाणणाऱ्या वकिलाची गरज आली. कायदा आला, परंतु तो शिकविणारी शाळा मात्र वऱ्हाडात नव्हती.

ती होती मुंबईस. १८५५ साली तेथे सरकारी लॉ स्कूल निघाले आणि १८५७ साली विद्यापीठ स्थापन झाले. न्यायमूर्ती रानड्यांनी १८६६ साली कायद्याची पदवी घेतली ती याच विद्यापीठाची. रेल्वेचा रूळ १८६७ साली नागपुरास पोचला, आणि वऱ्हाडच्या मुलाला मुंबई गाठणे शक्य झाले. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हे त्या पिढीचे उत्तम उदाहरण. त्यांनी एल्फिन्स्टन कॉलेजातून १८७७ साली बी. ए. केले आणि एल्एल्. बी. झाले ते १८८४ साली. मध्ये सात वर्षे गेली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. नंतर काही काळ त्यांनी सरकारी नोकरी केली आणि मग अमरावतीस वकिली मांडली. रंगनाथ नरसिंह मुधोळकर हेही मुंबईत शिकून अमरावतीसच स्थायिक झाले, आणि १९१२ साली बांकीपूरच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. मुंबईने त्यांना पदवी दिली. कर्तृत्वाचे क्षेत्र मात्र त्यांनी वऱ्हाडात निवडले.

दुसरी वाट निघाली ती नागपूरहून. तेथे १८८३ साली हिस्लॉप आणि १८८५ साली मॉरिस ही कॉलेजे सुरू झाली. श्रोत्यांना नवल वाटेल, पण मॉरिस कॉलेज आरंभी जोडलेले होते ते कलकत्ता विद्यापीठाला! पुढे तो संबंध अलाहाबादकडे गेला, आणि नागपूरचे स्वतःचे विद्यापीठ निघायला १९२३ साल उजाडले. मराठी बोलणाऱ्या मुलाने नागपुरात शिकावे आणि पदवी बंगालच्या राजधानीची मिळवावी, असा तो काळ होता.

आपल्याच जिल्ह्यातील वणीचे माधव श्रीहरी अणे, म्हणजे लोकनायक बापूजी अणे, याच वाटेने गेले. त्यांचा जन्म १८८० सालचा. मॉरिस कॉलेजात शिकून ते कलकत्ता विद्यापीठाचे बी. ए., बी. एल्. झाले. १९०४ ते १९०७ या काळात अमरावतीच्या काशीबाई खाजगी हायस्कुलात त्यांनी शिक्षकी केली, आणि १९०८ साली यवतमाळला वकिली सुरू केली. १९३० साली पुसदला जंगल सत्याग्रह झाला त्याचे नेतृत्व याच वकिलाने केले. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना गांधीजींच्या १९४३ सालच्या उपोषणाच्या प्रसंगी त्यांनी पदाचा राजीनामा दिला. कलकत्त्याची पदवी आणि यवतमाळची कचेरी यांत त्यांना कमीजास्त काही दिसले नाही. एकीने ज्ञान दिले, दुसरीने माणसे दिली.

याखेरीज पदवीविनाही एक वाट होती. १८७९ च्या कायद्याप्रमाणे वकील, प्लीडर, मुखत्यार असे दर्जे असत, आणि केवळ परीक्षा देऊन सनद मिळविता येई. लोकमान्य टिळक स्वतः १८७९ चे एल्एल्. बी.; त्यांनी पुण्यात लॉ क्लास चालविला तो वकिलीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीच. सर्वांत वरचा दर्जा बॅरिस्टराचा. त्यासाठी लंडनला जाऊन एखाद्या 'इन'मध्ये नाव घालावे लागे आणि ठराविक भोजनांना हजर राहून सत्रे भरावी लागत. गांधीजी १८८८ साली इनर टेंपलला गेले. डॉ. आंबेडकरांनी १९१६ साली ग्रेज इनमध्ये नाव नोंदविले. परंतु बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना परतावे लागले, आणि पुन्हा जाऊन त्यांनी तो अभ्यास पुरा केला. पुढे १९३५ साली ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. कोठे शिकावे हा प्रश्न किती शिकण्याची ऐपत आहे या प्रश्नापासून कधीच वेगळा नव्हता, हे यावरून दिसते.

स्त्रियांची कथा याहून कठीण. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. परंतु स्त्रियांना वकिली करण्याचा मार्ग कायद्याने खुला झाला तो १९२३ साली. शाळेचे दार उघडले तरी न्यायालयाचे दार एकतीस वर्षे बंदच राहिले. आज ज्या मुली काळा कोट घालून न्यायालयात उभ्या राहतात, त्यांनी हा हिशेब विसरू नये.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायासन नागपुरास बसू लागले. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टाने प्लीडर आणि बॅरिस्टर हा भेद मोडून 'अधिवक्ता' हा एकच वर्ग केला. १९८३ साली अमरावतीला विद्यापीठ झाले. बारावीनंतर पाच वर्षांचा सलग अभ्यासक्रम आला, आणि बंगळूरच्या राष्ट्रीय विधी शाळेने खटल्यांच्या चर्चेतून कायदा शिकविण्याची पद्धत रुजविली. ही पद्धत हार्वर्डच्या लँगडेल यांनी १८७० नंतर सुरू केलेली. नागपुरातही महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ सुरू झाले आहे.

मग आजच्या विद्यार्थ्याने कोणती वाट धरावी? पुढील तीन गोष्टी त्याने तोलून पाहाव्यात.

पहिली गोष्ट भाषेची. राष्ट्रीय विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा इंग्रजीतूनच होते. राज्याची सीईटी मराठीतूनही देता येते. उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते, पण खालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे. जो शेतकरी बांधाच्या वादासाठी सातबारा घेऊन येतो, त्याचे म्हणणे मराठीत नेमके मांडणे ही लहान विद्या नव्हे. इंग्रजी कच्चे म्हणून खचू नये. इंग्रजी पक्के म्हणून मराठी टाकू नये.

दुसरी गोष्ट पैशाची. राष्ट्रीय विद्यापीठाचा खर्च लाखांच्या घरात जातो. कर्ज काढून शिकणाऱ्याला पुढे पगाराची नोकरीच पाहावी लागते, आणि तालुक्याची वकिली सुरुवातीला फारसे देत नाही. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी शिष्यवृत्तीची चौकशी करावी, आणि घरच्यांशी मोकळेपणाने बोलावे.

तिसरी गोष्ट उभे राहण्याच्या जागेची. आपल्याला कोणत्या न्यायालयात, कोणत्या लोकांसाठी काम करायचे आहे, याचा विचार आधी करावा. कॉलेजचे नाव मागाहून सुचेल. ज्याला जिल्ह्यात वकिली करायची त्याने यवतमाळच्या अमोलकचंद विधी महाविद्यालयात शिकता शिकता न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्यात. ज्याला उच्च न्यायालयाची ओढ आहे त्याला नागपूर सोयीचे. ज्याला संशोधन किंवा घटनेचा अभ्यास खुणावतो, त्याने लांबचा पल्ला जरूर गाठावा.

खापर्ड्यांच्या पिढीला शाळेसाठी मुंबई गाठावी लागली, अण्यांच्या पिढीला कलकत्त्याची पदवी घ्यावी लागली. त्या वेळी निवड फारशी नव्हतीच. रूळ जेथे नेईल आणि ज्या विद्यापीठाशी कॉलेज जोडलेले असेल, तेथेच जावे लागे. आज २०२४ सालापासून कळंबहून वर्ध्यापर्यंत रुंद रूळही झाला आहे, आणि निवड खरोखरच आपल्या हाती आली आहे. हाती आलेली निवड नावाच्या मोहाने वाया दवडू नये. जुन्या वकिलांच्या पदव्या आज कोणी विचारीत नाही. त्यांनी कोणाची बाजू घेतली, एवढेच लोकांच्या स्मरणात राहिले आहे.