खाडीपलीकडचं हेबिअस

पुण्यात वकिली सुरू करणारी तरुण मुलं मला विचारतात, "सर, मुंबई हायकोर्टाचा हुकूम पुण्यात चालत नव्हता, असं कधी होतं का?" होतं. आणि तो चालू नये म्हणून खुद्द मुंबईच्या गव्हर्नरनं कंबर कसली होती. सरकारच्या अधिकाराला मर्यादा असते, हे आपण राज्यघटनेच्या पुस्तकात शिकतो. पण ती मर्यादा कागदावर असून भागत नाही, कोर्टाचा कागद घेऊन जाणाऱ्या बेलिफाला दारात उभं राहू द्यावं लागतं, हे मला 1828-29 च्या मोरो रघुनाथ प्रकरणानं शिकवलं.

पेशवाई जाऊन तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. मुंबई बेटावर इंग्लंडच्या राजाचं सुप्रीम कोर्ट होतं. त्याची सनद 1823 ची आणि कामकाज 1824 पासूनचं. बेटाबाहेर, म्हणजे खाडी ओलांडली की, कंपनी सरकारच्या अदालती. राजाचे न्यायाधीश कंपनीचे नोकर नव्हते, त्यामुळे गव्हर्नरच्या मर्जीची त्यांना फिकीर नव्हती. एकाच प्रांतात दोन सत्ता नांदत होत्या आणि एकमेकींकडे डोळे वटारून पाहत होत्या.

मोरो रघुनाथ हा पुण्यातल्या एका मातब्बर घरातला अल्पवयीन मुलगा. तो पांडुरंग रामचंद्र या वडीलधाऱ्या नातलगाच्या ताब्यात होता. हे गृहस्थ पेशव्यांच्या नात्यातले. मुलाला डांबून ठेवलंय आणि त्याच्या जिवाला धोका आहे, अशी तक्रार त्याच्या बाजूच्या लोकांनी मुंबईच्या कोर्टात नेली. कोर्टानं हेबिअस कॉर्पसचा हुकूम काढला: मुलाला आमच्यासमोर आणा आणि कोणत्या अधिकारानं त्याला ठेवलंय ते सांगा. त्याच सुमाराला बापू गणेश नावाच्या एका कैद्यासाठी ठाण्याच्या तुरुंगाधिकाऱ्यावरही असाच हुकूम निघाला. पहिला हुकूम एका सरदारी घराच्या अब्रूला लागला, दुसरा थेट कंपनीच्या तुरुंगाला.

गव्हर्नर होते सर जॉन माल्कम. मराठ्यांच्या राजकारणात मुरलेला माणूस. त्यांचं म्हणणं सरसकट उडवून लावता येत नाही. दख्खनच्या सरदारांना काही मानपान चालू ठेवण्याचा शब्द दिलेला होता आणि मुंबईहून आलेला बेलिफ त्यांच्या वाड्यात शिरला तर सरकारचा शब्द मातीमोल होईल, अशी त्यांना धास्ती होती. पण पुढं त्यांनी केलं ते कोणत्याही सरकारला शोभणारं नव्हतं. 3 ऑक्टोबर 1828 ला गव्हर्नर आणि कौन्सिलनं न्यायाधीशांना पत्र धाडलं. त्याचा मथितार्थ असा, की बेटाबाहेरचे असले हुकूम आम्ही पाळू देणार नाही. पक्षकारानं वकील उभा करून कोर्टात बाजू मांडणं निराळं, आणि सत्ताधाऱ्यानं न्यायाधीशाला घरपोच पत्र पाठवणं निराळं. आजही एखाद्या मंत्र्यानं असं पत्र लिहिलं तर बार असोसिएशन पेटून उठेल.

न्यायाधीशांचं मात्र नशीबच फुटकं. सरन्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट ऑगस्टमध्येच वारले होते. पत्रानंतर दहा दिवसांत सर चार्ल्स चेंबर्सही गेले. उरले एकटे सर जॉन पीटर ग्रँट. हे स्कॉटलंडचे जमीनदार, एके काळचे पार्लमेंटचे सभासद, आणि कर्जात गळ्यापर्यंत बुडाल्यामुळे हिंदुस्थानात आलेले. डोकं भलतंच तापट. सगळ्या रयतेला राजाचं संरक्षण आहे, मग ती पुण्याची असो की ठाण्याची, हे त्यांचं तत्त्व मला आजही खरं वाटतं. पण हुकूम बजावायला सरकार मदत करीत नाही असं दिसताच त्यांनी 1 एप्रिल 1829 ला चक्क कोर्ट बंद करून टाकलं. ते मला पटत नाही. गव्हर्नरवरचा राग बेटावरच्या पक्षकारांवर का काढावा?

तिकडं लंडनमध्ये हिंदुस्थानचा कारभार पाहणारे लॉर्ड एलेनबरो यांनी माल्कमना खाजगी पत्र लिहिलं. दोन नवे न्यायाधीश पाठवतो, मग ग्रँट दोन माणसाळलेल्या हत्तींमधल्या रानहत्तीसारखे मुकाट चालतील, अशा अर्थाचं. पत्र फुटलं, वर्तमानपत्रांत छापून आलं आणि बभ्रा झाला. सरकार न्यायाधीश कसे निवडू पाहतं याचा इतका उघडा कबुलीजबाब क्वचितच सापडतो. आणि नवे सरन्यायाधीश कोण? सर जेम्स ड्युअर, म्हणजे मुंबई सरकारचेच अ‍ॅडव्होकेट जनरल!

वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढं गेला आणि तिथं 1829 मध्येच निकाल लागला, तो ग्रँट यांच्या विरुद्ध. हेबिअसचा हुकूम बेटाच्या हद्दीतल्या माणसावर, किंवा बाहेरच्या पण व्यक्तिशः त्या कोर्टाच्या अधिकारात येणाऱ्यावर, इतपतच. कंपनीच्या अदालतीच्या तुरुंगाधिकाऱ्याला तो लागू नाही. ग्रँट पुढं कलकत्त्याला गेले आणि कालांतरानं तिथंही न्यायाधीश झाले.

1862 मध्ये सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालती एकत्र होऊन हायकोर्ट उभं राहिलं. आता तरी पुणेकराला हेबिअसचा मार्ग खुला व्हायला हवा होता. झाला नाही. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं 491 कलमही मूळ शाखेच्या हद्दीपुरतंच, म्हणजे मुंबई शहरापुरतंच होतं. ते अपिलाच्या साऱ्या मुलुखाला लागू झालं 1923 च्या दुरुस्तीनं. मोरो रघुनाथनंतर 95 वर्षांनी! त्यानंतर 1950 साली घटनेचं 226 कलम आलं आणि हा अधिकार कायदेमंडळाच्या साध्या दुरुस्तीच्या आवाक्याबाहेर गेला. आज मुंबईत दाखल होणाऱ्या कितीतरी हेबिअस याचिका नातलगांनी अडकवलेल्या मुलामुलींच्याच असतात.

आणीबाणीत येरवड्याचा तुरुंग मिसा कायद्याखाली खटल्याविना डांबलेल्यांनी भरला तेव्हा हायकोर्टाची हद्द हा प्रश्न उरला नव्हता. मुंबईसह नऊ हायकोर्टांनी त्यांच्या हेबिअस याचिका ऐकता येतात असं म्हटलं. 28 एप्रिल 1976 ला सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतांनी ते खोडून काढलं: आणीबाणी आहे तोवर दाद मागता येणार नाही. त्या चौघांत आमच्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. विरोधात एकटे न्यायमूर्ती खन्ना, आणि त्यांना डावलून पुढच्या वर्षी त्या चौघांतल्याच बेग यांना सरन्यायाधीश केलं गेलं. सरकारी वकील निरेन डे यांना भर कोर्टात विचारलं गेलं होतं, की पोलिसानं वैरापोटी कुणाला ठार मारलं तरी दाद नाही का? डे यांनी उत्तर दिलं, की आणीबाणी आहे तोवर नाही.

1978 च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं हे उत्तर मोडीत काढलं. आता आणीबाणी पुकारली तरी कलम 21 खालची दाद बंद करता येत नाही.