घाण्यामागे पळीभर तेल आणि सहावीतलं उणे चिन्ह

जून २०१९ आठवतोय का? दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचायची रीत आली आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. विषय विधानसभेत गेला, टीव्हीवर चर्चा रंगल्या, व्हॉट्सअ‍ॅपवर विनोद फिरले. गणित कसं शिकवावं यावर इतकी माणसं तावातावानं बोलताना मी त्याआधी पाहिली नव्हती. नंतरही नाही.

मला त्या भांडणाचं वाईट वाटलं नाही. फक्त एवढं वाटलं की यातला निम्मा जोर जरी लोकांनी सहावीतल्या ‘पूर्णांक संख्या’ या धड्यावर लावला, तर बरं होईल. कारण गणितातून पोरं सुटायला सुरुवात होते ती बहुतेक वेळा इथंच. तोपर्यंत संख्या म्हणजे मोजायची वस्तू असते. पाच आंबे, बारा चेंडू. आणि एके दिवशी फळ्यावर ‘-६’ येतं. उणे सहा आंबे कुणी बघितलेत? पोरगं विचारतं, निदान मनात तरी विचारतं. उत्तर म्हणून मिळतो एक मंत्र: ‘ऋण गुणिले ऋण बरोबर धन, पाठ करा.’ तिथून पुढे गणित म्हणजे पाठांतर, हा समज पक्का होतो.

ज्या प्रश्नावर पोरगं अडतं, त्यावर जगातली मोठी माणसं शेकडो वर्षं अडली होती. आणि त्यातलं एक फार सुंदर उत्तर ज्या ग्रंथात आहे, त्या ग्रंथाचा अभ्यास चालू राहावा म्हणून आपल्या चाळीसगाव तालुक्यातल्या एका गावानं बाजारातून पैसा उभा केला होता. चाळीसगावकर मंडळींनी तरी हे माहीत करून घ्यावं, म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय.

पाटणादेवीला आपण सगळेच जातो. श्रावणात धबधबा बघायला, नवरात्रात दर्शनाला. त्याच पाटणमध्ये शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०६-०७ च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला आणि १८६५ मध्ये त्याबद्दल छापलं. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे आणि शेवटचा भाग मराठीत. आपल्या भाषेच्या अगदी जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते.

लेख सांगतो तो असा: भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. त्यानं पाटणला एक मठ काढला. कशासाठी? आजोबांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ आणि घराण्यातले इतर ग्रंथ तिथं शिकवले जावेत म्हणून. मठाला स्थानिक निकुंभ राजांनी, सोइदेव आणि हेमाडिदेव यांनी, दान दिलं.

आता त्या मराठी भागातला मजकूर बघा. गावात जो माल विक्रीला येईल त्यावरचं राजाला मिळणारं उत्पन्न मठाला दिलं. गावानंही खरेदीदारांकडून येणारा आपला वाटा दिला. जेवढे तेलाचे घाणे चालतात तेवढ्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल मठाला. म्हणजे गणिताच्या शिक्षणाचा खर्च नुसता राजाच्या तिजोरीतून निघत नव्हता. तो बाजारातून, गिऱ्हाइकाकडून, तेल्याच्या घाण्यावरून येत होता.

तिथं शिकवणार होते तरी काय? भास्कराचार्य जन्मले १११४ मध्ये आणि छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पुरा केला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग. (जन्मगाव कोणतं यावर वाद आहे. पाटण, बीड, विजापूर असे दावे आहेत. त्या वादात आज जात नाही.) लीलावतीत एक उदाहरण आहे. ते कागद-पेन्सिल घेऊन करून बघा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

एक त्रिकोण आहे. पाया ९. डावी बाजू १०, उजवी बाजू १७. शेंड्यावरून पायावर लंब टाकायचा. लंबामुळे पायाचे दोन तुकडे होतात. ते किती लांबीचे?

नेहमीच्या रीतीनं गणित केलं की एक तुकडा १५ येतो. अरेच्चा, पाया तर ९ चाच होता! आणि दुसरा तुकडा येतो उणे ६. दोन्हींची बेरीज केली तर ९ बरोबर जमते, पण उणे सहा लांबीचा तुकडा कुठून आणायचा? इथं एखादा म्हणाला असता, उदाहरण चुकलं, खोडून टाका. भास्कराचार्य म्हणतात, ऋण आलं याचा अर्थ तुकडा उलट दिशेला आहे. लंब पायाच्या आत पडतच नाही, डाव्या टोकाच्या बाहेर सहा एकक जाऊन पडतो. चित्र काढून पाहा, तसंच दिसतं.

आता हेच आजच्या आलेख कागदावर मांडू. पायाचं डावं टोक शून्यावर ठेवा, उजवं टोक ९ वर. लंब पडतो -६ वर. लंबाची उंची ८. म्हणजे शेंड्याचा बिंदू झाला (-६, ८). शून्यापासून तो बिंदू किती लांब? सहाचा वर्ग ३६, आठाचा ६४, बेरीज १००, वर्गमूळ १०. डावी बाजू मिळाली. ९ पासून किती लांब? -६ ते ९ हे अंतर १५, त्याचा वर्ग २२५, त्यात ६४ मिळवले की २८९, वर्गमूळ १७. उजवी बाजूही मिळाली.

या एका त्रिकोणात शाळेतल्या तीन गोष्टी एकत्र बसल्यात. -६ कुठे आहे, हा झाला पूर्णांक. तो शून्यापासून किती लांब, तर ६, ही झाली केवलमूल्याची कल्पना. अंतराला दिशा नसते, म्हणून तिथं उणे चिन्ह गळून पडतं. आणि आडवं किती, उभं किती हे मिळून बिंदूचा पत्ता सांगायचा, हे झाले निर्देशक. कुठे, किती लांब आणि कोणत्या बाजूला, एवढीच गोष्ट आहे.

लगेच छाती फुगवून ‘सगळं आमच्याकडे आधीच होतं’ असं कुणी कमेंटमध्ये लिहू नका, कारण इतिहास तसा सरळ नाही. ऋण संख्या चीनमधले लोक त्याच्याही कितीतरी आधी वापरत होते. तिथं मोजणीच्या काड्या असायच्या, धनासाठी लाल आणि ऋणासाठी काळ्या. आपल्याकडे ब्रह्मगुप्तानं ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम नीट लिहिले. नावंच बघा, धन म्हणजे संपत्ती आणि ऋण म्हणजे कर्ज. आडव्या-उभ्या अंतरांवरून बीजगणित आणि भूमिती जोडायची पद्धत मात्र युरोपातली, देकार्तनं १६३७ मध्ये छापलेली. वर मी जो आलेख काढला तो भास्कराचार्यांनी काढलेला नाही, तो त्यांच्या उत्तरावर मी मांडलाय. केवलमूल्याच्या त्या दोन उभ्या रेघा तर १८४१ च्या, जर्मनीच्या वायरश्ट्रासच्या.

आणि खुद्द भास्कराचार्यही एका ठिकाणी थबकले. ‘बीजगणिता’त माकडांचं उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करून उरलेल्याचा वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली, एक फांदीवर दिसतंय, तर एकूण किती? उत्तरं दोन निघतात, ५० आणि ५. पण ५ घेतलं तर पाचवा हिस्सा १, त्यातून तीन गेले की उणे दोन. ते म्हणतात, हे उत्तर घेऊ नका, अशी ऋण संख्या लोकांना पटत नाही. बरोबरच आहे. रेषेवर उणे सहा असू शकतं, पण माकडं उणे दोन नसतात. ऋण संख्या कुठे अर्थाची आणि कुठे नाही, हा विवेक त्यांनी दाखवला.

युरोपात तर जास्तच रडगाणं झालं. देकार्त स्वतः समीकरणाच्या ऋण उत्तरांना ‘खोटी’ म्हणायचा. इंग्लंडमध्ये जॉन वॉलिसनं १६८५ मध्ये पुढे-मागे चालणाऱ्या माणसाचं उदाहरण देऊन समजावलं: पाच यार्ड पुढे गेला, आठ यार्ड मागे आला, तर आता तो उणे तीनवर आहे. तरीही १७९६ मध्ये विल्यम फ्रेंड नावाच्या गृहस्थानं बीजगणिताचं पुस्तक लिहिलं आणि त्यातून ऋण संख्या बाहेरच ठेवल्या. गंमत म्हणजे फ्रेंड हयात असतानाच, १८१७ मध्ये, कोलब्रुकनं ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्यांच्या गणिताचं इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये छापलं. तो त्रिकोण, ती उलट दिशा, सगळं त्यात होतं.

फ्रेंडचा जावई ऑगस्टस डी मॉर्गन, जन्म आपल्या मदुराईचा, मोठा गणिती. त्यानं १८३१ मध्ये एक उदाहरण दिलं: बाप ५६ वर्षांचा, मुलगा २९ चा, बापाचं वय मुलाच्या दुप्पट कधी होईल? उत्तर येतं उणे दोन वर्षांनी. डी मॉर्गनच्या लेखी असं उत्तर म्हणजे प्रश्नच चुकीचा मांडल्याची खूण. ‘कधी होईल’ ऐवजी ‘कधी होतं’ असं विचारा, उत्तर दोन वर्षांपूर्वी. पुन्हा तीच उलट दिशा, फक्त इथं काळाची.

एवढ्या मोठ्या माणसांना जिथं अडखळायला झालं, तिथं अकरा वर्षांच्या पोरानं एका तासात ‘समजलं सर’ म्हणावं, ही आपली अपेक्षा. त्यातून आपण शिकवतो कसं? कर्जाच्या उदाहरणानं. बेरजेपर्यंत ते चालतं. शेतकऱ्याच्या पोराला कर्ज वेगळं शिकवावं लागत नाही, पाचशे जवळ आणि आठशे देणं तर उणे तीनशे, हे तो झोपेतही सांगेल. पण कर्ज गुणिले कर्ज बरोबर संपत्ती कशी काय? असं असतं तर जिल्ह्यात कुणी गरीब राहिलं नसतं. इथं कर्ज सोडून दिशेकडे यावं लागतं. उणे म्हणजे ‘पिछे मूड’. कवायतीत एकदा पिछे मूड केलं की तोंड उलट, दोनदा केलं की पुन्हा पहिल्यासारखं. उणे गुणिले उणे अधिक का, हे पटांगणात दोन मिनिटांत कळतं.

आणि ही दिशेची गोष्ट आपण पोरांना तुकड्यातुकड्यानं देतो. गेली काही वर्षं चालत आलेल्या राज्य मंडळाच्या पुस्तकांत पूर्णांक संख्या सहावीत येतात, केवलमूल्य आणि निर्देशक भूमिती नववीत. मधल्या तीन वर्षांत नियम पाठ झालेले असतात आणि कारण विसरलेलं असतं. अमेरिकेत बऱ्याच राज्यांनी २०१० पासून स्वीकारलेल्या कॉमन कोअर आराखड्यात या तिन्ही गोष्टी सहावीतच एकत्र ठेवल्यात. तिकडचं सगळं चांगलं असं माझं म्हणणं नाही. पण या तीन गोष्टी एकाच घरच्या आहेत, हे आपल्याला तरी परक्यानं सांगायला नको. तो त्रिकोण आपल्याच पोथीत आहे.

अभ्यासक्रम बदलणं तुमच्या-माझ्या हातात नाही. पण शाळेचं पटांगण आपल्या हातात आहे. ग्रामपंचायत शाळेला रंग देते, भिंतीवर सुविचार लिहिते, गेटवर नावं टाकते. त्याच रंगात पटांगणात एक आडवी आणि एक उभी रेघ मारा, मधे शून्य, चारी बाजूंना दहा-दहापर्यंत आकडे. सहावीचा वर्ग त्यावर उभा करा. एक पोरगी शून्यावर, एक ९ वर, एक (-६, ८) वर. तिघींच्या हातात सुतळी द्या आणि बाजू मोजू द्या. दहा, सतरा, नऊ. शून्य ते उणे सहा पाय टाकून मोजू द्या, सहाच पावलं भरतात, उणे पावलं नाहीत. ही कामं करायला कुठल्या शासन निर्णयाची वाट बघायला नको. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत कुणीतरी विषय काढायचा, एवढंच.

पाटणच्या तेल्यानं लीलावती वाचली असेल असं मला वाटत नाही. तरी त्याच्या घाण्यावरून पळीभर तेल मठात गेलं आणि गावानं ते दगडावर लिहून ठेवलं. आठशे वर्षांनी आपल्या गावातला कुठला दगड सांगेल की इथल्या लोकांनी पोरांच्या गणितासाठी काय दिलं? तुमच्या गावच्या शाळेत अशी रेघ आधीच असेल तर फोटो टाका. नसेल तर सरपंचांना या पोस्टवर टॅग करा, आम्ही चुना आणि सुतळी घेऊन येतो.