दिनविशेष : ७ ऑक्टोबर
बेळगावची गोळी ‘लॅन्सेट’मध्ये

लंडनच्या ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाच्या ७ ऑक्टोबर २००६ च्या अंकात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांमधली बाळंतपणं पोहोचली. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचं मोठं कारण. त्यावरचं ऑक्सिटोसिन हे औषध इंजेक्शनानं द्यावं लागतं, थंडही ठेवावं लागतं. आणि विजेचा भरवसा नसलेल्या गावात फ्रिज कुठला?

बेळगावचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आणि अमेरिकेतली विद्यापीठं व आरोग्य संस्था यांनी मिळून म्हणूनच तोंडानं घ्यायच्या, फ्रिज न लागणाऱ्या मिसोप्रोस्टॉल या औषधाच्या गोळ्यांची चाचणी घेतली. सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात १,६२० बाळंतिणी त्यात सहभागी झाल्या. निम्म्यांना औषध मिळालं, निम्म्यांना तशीच दिसणारी औषधाविना गोळी. गोळ्या देणाऱ्या होत्या आरोग्य केंद्रांच्या नर्सबाई. या चाचणीच्या खऱ्या नायिका त्याच म्हणायला हव्यात.

रक्त किती गेलं, हे नुसत्या नजरेनं ठरवलं तर अंदाज हमखास कमी येतो. म्हणून बाळंतिणीच्या अंगाखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी ठेवली जाई.

अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. म्हणजे १८ जणींना गोळी दिली, की एकीचा अतिरक्तस्राव टळत होता. थंडी वाजणं, ताप येणं हा त्रास मात्र वाढला.

२०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अत्यावश्यक औषधांच्या यादीत बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव टाळण्यासाठी मिसोप्रोस्टॉलचा समावेश केला. जिथं ऑक्सिटोसिन मिळत नाही किंवा सुरक्षितपणे देता येत नाही, तिथल्यासाठी.