उभ्या झाडाचा भाव : उत्तर अमेरिकेतील लाकूड-व्यापार आणि करार

शेजारी राष्ट्रांत मुक्त व्यापाराचा करार झाला की सीमेवरील जकातनाके ओस पडतात, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. कॅनडा आणि अमेरिका यांच्यातील लाकडाच्या व्यापाराचा इतिहास या समजुतीला छेद देणारा आहे. गेल्या पावणेदोनशे वर्षांत या दोन देशांनी अनेक करार केले, मोडले आणि पुन्हा केले. पाइन, स्प्रूस, फर अशा सूचिपर्णी वृक्षांच्या चिरीव लाकडाचा वाद मात्र त्या सर्वांना पुरून उरला.

आरंभ १८५४ च्या परस्परता करारापासून करावा लागतो. १८४० च्या दशकात ब्रिटनने वसाहतींच्या लाकडाला दिलेले संरक्षण कमी करत आणले आणि कॅनडातील व्यापाऱ्यांना दुसरी पेठ शोधणे भाग पडले. तत्कालीन गव्हर्नर जनरल लॉर्ड एल्गिन यांनी स्वतः वॉशिंग्टनला जाऊन करार घडवून आणला आणि लाकडासह नैसर्गिक उत्पन्नाच्या वस्तूंवरील आयातकर उठला. (हेच एल्गिन पुढे १८६२ मध्ये हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले. १८६३ मध्ये धर्मशाळा येथे त्यांचे निधन झाले व तेथेच, देवदारांच्या सावलीत, त्यांची समाधी आहे.) ओटावा नदीच्या धबधब्यावर अमेरिकन भांडवलाच्या आरागिरण्या उभ्या राहिल्या. परंतु यादवी युद्धानंतर, १८६६ मध्ये, अमेरिकेने हा करार संपुष्टात आणला.

१८९७ च्या डिंगले कायद्याने अमेरिकेने हजार बोर्ड फुटांना दोन डॉलर कर बसविला. बोर्ड फूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद व एक इंच जाड फळी, अर्थात घनफुटाचा बारावा भाग. ऑन्टारिओ प्रांताने १८९८ मध्ये याला नेमके उत्तर दिले : सरकारी जंगलात तोडलेला पाइनचा ओंडका कॅनडातच चिरला गेला पाहिजे. तोवर हे ओंडके ह्युरॉन सरोवरातून मिशिगनमधील गिरण्यांकडे ओढून नेले जात. आता कित्येक गिरण्यांनाच सरोवर ओलांडून जॉर्जियन उपसागराच्या काठी यावे लागले. प्रांताला हे सामर्थ्य लाभले ते जंगल त्याच्या मालकीचे होते म्हणून, आणि पुढील सर्व वादाचे मूळही याच मालकीत आहे.

कॅनडातील बहुतांश वनभूमी सार्वजनिक आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात तर हे प्रमाण सुमारे ९५ टक्के भरते. तेथे कंपन्यांना दीर्घ मुदतीचे तोडहक्क मिळत आणि उभ्या झाडाचा भाव प्रांतिक सरकार सूत्राने ठरवी. या आकारणीला ‘स्टंपेज’ म्हणतात. अमेरिकेत मात्र कापले जाणारे बहुतेक लाकूड खाजगी जमिनीवरचे. जॉर्जिया-अलाबामाकडील जमीनमालक ते बाजारभावाने विकतो. साहजिकच अमेरिकन गिरणीवाल्यांचा आक्षेप असा की, कॅनडातील आकारणी कमी असल्याने ती छुपे अनुदानच होय. कॅनडाचे म्हणणे असे की, दूरच्या डोंगरातील झाडाचा भाव सवाना बंदराजवळच्या झाडाशी ताडून पाहणेच चुकीचे. बेळगावकडील वाचकांना दांडेलीच्या डेपोतील लिलाव ठाऊक असतील. आपल्याकडेही जंगल सरकारचेच, पण सागाचा ओंडका बोलीने जातो. सरकारी दर आणि लिलावाचा दर यांत किती अंतर पडू शकते, हे महसुली कामकाज पाहिलेल्यांना सांगायला नको.

१९८३ मध्ये अमेरिकन वाणिज्य खात्याने चौकशीअंती ठरविले की, स्टंपेज हे करपात्र अनुदान नव्हे. तीनच वर्षांनी, १९८६ मध्ये, त्याच खात्याने त्याच पद्धतीत १५ टक्के अनुदान शोधून काढले. जंगल बदलले नव्हते. वॉशिंग्टनमधील वारे बदलले होते. मुक्त व्यापाराच्या वाटाघाटी त्याच वर्षी सुरू झालेल्या असल्याने कॅनडाने तडजोड करून स्वतःच १५ टक्के निर्यातकर लावण्याचे मान्य केले. पैसा निदान आपल्या तिजोरीत राहील, हा हिशोब. १ जानेवारी १९८९ रोजी मुक्त व्यापार करार अमलात आला तेव्हा ही तडजोड त्यात जशीच्या तशी सांभाळली गेली. म्हणजे मुक्त व्यापाराच्या पहिल्याच दिवशी लाकूड कुंपणाबाहेर होते!

करारातून लाकूड-उद्योगाला खरोखर मिळाले ते द्विराष्ट्रीय पंचमंडळ. अमेरिकन खात्याने लावलेले अनुदानविरोधी किंवा डंपिंगविरोधी शुल्क त्या देशाच्या कायद्यानुसार आहे की नाही, हे तपासण्याचा त्याला अधिकार होता. कॅनडाने १९९१ मध्ये तडजोड सोडली, १९९२ मध्ये शुल्क बसले आणि पंचमंडळाचा कौल कॅनडाच्या बाजूने गेला. १९९४ मध्ये त्यावरील विशेष समितीनेही तो उचलून धरला. मात्र दोन कॅनेडियन सदस्य एका बाजूला आणि एकमेव अमेरिकन सदस्य दुसऱ्या बाजूला, अशी फूट पडली. शुल्क परत मिळाले, पण पुन्हा खटल्याची धास्ती होतीच. म्हणून १९९६ मध्ये चार प्रांतांपुरता कोटा ठरला : वर्षाला १४.७ अब्ज बोर्ड फूट लाकूड विनाशुल्क.

तो करार २००१ मध्ये संपताच नवा खटला उभा राहिला आणि २००२ पासून सरासरी २७ टक्के शुल्क लागू झाले. ऑगस्ट २००५ मध्ये नाफ्टाच्या विशेष समितीने या वेळी एकमताने कॅनडाच्या बाजूने निकाल दिला. तरीही अमेरिकेने शुल्क परत केले नाही. अखेर २००६ च्या समझोत्यात, जमा झालेल्या ५०० कोटींहून अधिक डॉलरपैकी १०० कोटी अमेरिकेत राहिले आणि त्यांतील निम्मे वादी गिरणीवाल्यांच्या पदरात पडले. जिंकलेल्या पक्षाने हरलेल्याला खर्चपाणी देण्याचा हा प्रकार न्यायशास्त्रात कोठे बसतो, कोण जाणे!

या झगड्याचा खोल परिणाम मात्र जंगलाच्या कायद्यावर झाला. ब्रिटिश कोलंबियाने २००३ पासून मोठ्या कंपन्यांच्या तोडहक्कांपैकी सुमारे पाचवा हिस्सा परत घेतला, त्यातील बराचसा लिलावात आणला आणि लिलावातील बोलींवरून इतर झाडांचा भाव ठरविण्यास आरंभ केला. ज्या बाजारभावाचा आग्रह होता तो आला, शुल्क मात्र टळले नाही. २००६ चा समझोता २०१५ मध्ये संपला आणि २०१७ मध्ये पुन्हा सुमारे २० टक्के शुल्क बसले. दरम्यान पाइन पोखरणाऱ्या भुंग्याने प्रांताच्या अंतर्भागातील कोट्यवधी झाडे मारली होती. ओंडके तुटपुंजे आणि शुल्क चढे, अशा कात्रीत सापडून गिरण्या बंद पडू लागल्या. ज्या गावात शाळा, दुकान आणि घराचा हप्ता एकाच गिरणीच्या भोंग्यावर चालतो, तेथे याचा अर्थ काय, हे बंद कापडगिरण्यांची शहरे पाहिलेल्यांना उमजेल. वेस्ट फ्रेझर, कॅनफोर, इंटरफोर या कॅनेडियन कंपन्यांनी मात्र अमेरिकेच्या दक्षिण भागातील गिरण्या विकत घेतल्या. भांडवल सीमा ओलांडून गेले, कामगार मागे राहिला.

जुलै २०२० मध्ये नाफ्टाची जागा नव्या त्रिपक्षीय कराराने घेतली, तेव्हा पंचमंडळाची तरतूद कॅनडाने आग्रहाने टिकवली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने दोन्ही शुल्के मिळून दर बहुतेक कंपन्यांसाठी ३५ टक्क्यांवर नेला आणि ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय सुरक्षेच्या वेगळ्या कायद्याखाली आणखी १० टक्क्यांची भर घातली. पंचमंडळाचा अधिकार अनुदान आणि डंपिंग यांवरील शुल्कापुरताच आहे. या वाढीव दहा टक्क्यांची दाद त्याच्यापुढे मागता येत नाही.