फ्रेंच नावाचा न्यायाधीश आणि खर्डीच्या जोत्याखालचं पाणी

मागच्या व्याख्यानानंतर काही श्रोत्यांनी विचारलं होतं की, शहापूर-मुरबाडकडे नवी घरं पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच ओल का धरतात, आणि हल्ली ज्याला सगळे 'फ्रेंच ड्रेन' म्हणतात तो प्रकार इथे टिकतो का. दोन्ही प्रश्नांची उत्तरं इतिहासात आहेत, म्हणून आजचा वेळ त्यालाच देऊ.

आधी नाव. या चराचा फ्रान्सशी काही संबंध नाही. हेन्री फ्लॅग फ्रेंच हा अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरचा वकील, पुढे न्यायाधीश. शेतीची हौस दांडगी. त्यानं 1859 मध्ये 'फार्म ड्रेनेज' नावाचं पुस्तक लिहिलं आणि त्याचं आडनाव या चराला चिकटलं. (वॉशिंग्टनच्या स्मारकात बसलेला लिंकनचा भव्य पुतळा आपण फोटोत पाहतो ना, तो घडवणारा डॅनियल चेस्टर फ्रेंच हा याचाच मुलगा. बापाचं नाव मातीखाली गेलं, मुलाचं संगमरवरात.)

चर मात्र फ्रेंचनं शोधलेला नाही. पहिल्या शतकातला रोमन लेखक कोलुमेला सांगतो की, ओलसर शेतात चर खणा, तो अर्धा लहान दगडांनी किंवा स्वच्छ खडीनं भरा आणि वरून माती लोटा. 1764 मध्ये इंग्लंडातल्या वॉरिकशायरमध्ये जोसेफ एल्किंग्टन नावाच्या शेतकऱ्याची मेंढरं ओलीनं आजारी पडत होती. त्यानं चर खणला, पाणी हटेना. मग चराच्या तळात लोखंडी पहार ठोकली, आणि ती उपसल्याबरोबर खालून पाणी उसळलं. म्हणजे पाणी वरून पडून साचलेलं नव्हतं, ते खालच्या थरात दाबलेलं होतं! 1795 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटनं त्याला या ज्ञानाबद्दल 1000 पौंड मंजूर केले. एल्किंग्टनची ही पहार आम्हाला फ्रेंचच्या पुस्तकापेक्षा महत्त्वाची वाटते. कारण चर कुठे खणायचा हे ती सांगते, आणि खर्डीत नेमकं तेच चुकतं.

आता खर्डीकडे येऊ. कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना आटगाव, थानशीत, मग खर्डी. वासिंदपर्यंत रेल्वे 1855 मध्ये आली होती. कसाऱ्यापर्यंतचा मार्ग 1 जानेवारी 1861 रोजी सुरू झाला. फ्रेंचच्या पुस्तकाला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. तिकडे तो शेतातल्या पाण्याबद्दल लिहीत होता, इकडे घाटाच्या पायथ्याशी डोंगर कापून रूळ टाकणाऱ्यांना त्याच पाण्याशी झुंजायचं होतं. आजही रेल्वेच्या कापणीत गेलात तर दोन गोष्टी दिसतील. उताराच्या वरच्या अंगाला पाणी अडवून बाजूला नेणारा चर, आणि धारकभिंतीत ठेवलेली पाणी सुटायची भोकं. भिंतीमागचं पाणी बाहेर काढलं नाही तर भिंत मातीच्या नव्हे, पाण्याच्या दाबानं जाते.

या पट्ट्यातली जमीन कशी आहे बघा. वर माती, तिच्याखाली मुरूम, त्याच्याखाली काळा पाषाण. पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. मुरमातून पाणी सहज खाली उतरतं, पण पाषाणावर आलं की थांबतं आणि उताराच्या दिशेनं आडवं चालू लागतं. आता प्लॉट सपाट करायला जेसीबीनं टेकडीचा कडा कापला की काय होतं? हा आडवा चालणारा झिरपा उघडा पडतो, आणि कापलेल्या कड्याच्या पायथ्याशी, म्हणजे बरोबर घराच्या मागच्या भिंतीपाशी, बाहेर येतो. पाऊस उघडला तरी तो चालूच राहतो, म्हणून लोक म्हणतात, 'पाणी कुठून येतंय कळत नाही.' गच्चीला वॉटरप्रूफिंग केलं, भिंतीला रंग मारला, तरी ओल चढते. चढणारच.

दुसरा प्रकार याच्या उलट, आणि आम्हाला तो जास्त बोलका वाटतो. ठाणे जिल्ह्यात जुनी वस्ती, आदिवासी पाडे धरून, साधारणपणे उंचवट्यावर असे. वरकस जमिनीवर नाचणी-वरी, तिच्या कडेला घरं, आणि खाली भातखाचरं. खाचर म्हणजे काय? पिढ्यान् पिढ्या बांध घालून, दरवर्षी चिखलणी करून, पाणी खाली जाऊच नये म्हणून तयार केलेली जमीन. चिखलणीनं नांगराच्या खाली एक घट्ट थर बसतो, तो पाणी धरतो, म्हणून तर आवण तगतं. आता त्याच खाचराचे प्लॉट पडतात, वर दोन फूट मुरूम टाकतात आणि बंगला उभा राहतो. खालची परात तशीच आहे, फक्त तिच्यात आता भाताऐवजी जोतं उभं आहे.

जुनं घर हे ओळखून होतं. उंच जोतं, भिंतीपासून लांब पडणाऱ्या पागोळ्या, पागोळ्यांखाली चर, मागे पडवी. भिंत कुडाची असली तरी पाणी तिच्यापर्यंत पोचत नसे. ते घर आता परत येणार नाही आणि यावं असा आमचा आग्रहही नाही; कुडाच्या घरात राहणाऱ्यांनाही पक्कं घर हवंच आहे. पण पागोळीचा चर गेला आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही, हे खरं दुखणं.

मग इथे फ्रेंचचा चर घालायचा तर तो टिकावा कसा? तो मोडत नाही, तो गाळानं भरतो. जुने शेतकरी दगडांवर गवत, काटक्या, पेंढा पसरून वर माती लोटत. पेंढा कुजला की माती दगडांत उतरे. 1920 च्या दशकात कार्ल टेरझागी या अभियंत्यानं याचा हिशेब बसवला. सोप्या भाषेत असा की, गाळणीच्या खडीतले बारीक कण हे बाहेरच्या मातीतल्या मोठ्या कणांच्या चार-पाच पटींपेक्षा मोठे नसावेत. तसं असेल तर मातीचे मोठे कण अडतात आणि तेच मग बारकांना अडवतात. पुढे कापड आलं. 1970 मध्ये फ्रान्समधल्या व्हालक्रो इथल्या मातीच्या धरणात जिओटेक्स्टाइलची गाळणी वापरली गेली. फ्रान्सचा संबंध आला तो असा, शंभर वर्षांनी!

म्हणून खर्डीच्या घरामागे चर घालताना कापड आधी, खडी नंतर. चराला न विणलेल्या जिओटेक्स्टाइलचं अस्तर, त्यावर धुतलेली खडी, तिच्यात भोकांचा पाईप, वर पुन्हा खडी, आणि कापड वरून दुमडून घ्यायचं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या किंवा शेडनेट हे कापड नव्हे. पाईपची भोकं खाली ठेवायची. पुष्कळांना हे उलटं वाटतं, पण पाणी चरात खालून वर चढतं आणि भोकं खाली असली की लवकर पाईपात शिरतं. उतार शंभर फुटांना निदान एक फूट, आणि तो नजरेनं नाही, पाणी भरलेल्या लेव्हल ट्यूबनं तपासायचा. पायाला खेटून, पायाच्या तळापेक्षा खोल खणायचं नाही, नाहीतर ओल घालवायला जाऊन पाया सुटायचा. वळणावर चेंबर ठेवायचा, म्हणजे वैशाखात पाणी मारून गाळ काढता येतो.

छपराचं पाणी या पाईपात सोडणं ही सगळ्यांत महागात पडणारी काटकसर. शंभर चौरस मीटरच्या छपरावर दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडला की 10,000 लिटर होतात. एवढं पाणी भोकांच्या पाईपात सोडलं तर तेच भोकांतून उलटं जोत्याकडे जाईल. त्याला वेगळा, बंद पाईप हवा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. माळीण 2014, तळिये 2021, इर्शाळवाडी 2023. या दुर्घटनांची नावं घेऊन कोणी घरामागे चर विकत असेल तर ऐकू नका. अख्खा उतार पाण्यानं जड होऊन सुटतो तेव्हा दोन फुटांच्या चराचं तिथे काही चालत नाही. तिथे घर कुठे बांधायचं हाच प्रश्न असतो.

उरला प्रश्न पाणी सोडायचं कुठे याचा, आणि भांडणं इथेच होतात. बहुतेक वेळा पाईपाचं तोंड खालच्या शेजाऱ्याच्या खाचराकडे केलं जातं. 1882 चा सुविधाधिकार कायदा, जो 1891 मध्ये मुंबई इलाख्यालाही लागू झाला, त्याच्या सातव्या कलमात एक उदाहरण दिलंय. वरच्या जमिनीवर पडणारं, ठरावीक प्रवाहात न वाहणारं पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीवर वाहू देणं हे खालच्याला भाग आहे. शब्द 'नैसर्गिकपणे' असा आहे. चार घरांचं पाणी गोळा करून सहा इंची पाईपानं एका बांधावर सोडणं त्यात बसत नाही. खाचराचा बांध फुटला की आवण गेलं, आणि त्या घरचं वर्षाचं भात गेलं.

शिवाय हा तालुका तानसा, मोडकसागर, भातसाचा. मुंबईला पाणी इथून जातं आणि इथल्याच पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. जुलैत आपण ज्या पाण्याला शिव्या देतो ते तीन महिने स्वच्छ खडीतून गाळून येत असतं. शोषखड्ड्यात ते सोडून भागत नाही, कारण भर पावसाळ्यात खड्डा आधीच तुडुंब असतो. उताराच्या खालच्या अंगाला जुनी विहीर असेल, किंवा ओहोळावर वनराई बंधारा घालण्यासारखी जागा असेल, तर पाईप तिथपर्यंत न्यावा. चार प्लॉटवाल्यांनी मिळून नेला तर खर्चही वाटला जातो आणि खालच्या शेतकऱ्याशी बोलणंही एकदाच होतं. ते बोलणं जेसीबी यायच्या आधी झालेलं बरं.